अठरा गाठींचा दोर

काथ्याचा नवा दोर तसाच कामाला लावायचा नसतो. तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, मग दोन झाडांमध्ये ताणून वाळवायचा, पुन्हा तीन दिवस पाण्यात. असं दोनदा झालं की दोर वळणावर येतो. मग तो ओला झाला म्हणून आखडत नाही आणि वाळला म्हणून सैल पडत नाही. ज्याला सांगून कळतं त्याला हे सांगावं, नाहीतर आपणच करावं. शेषगिरी आपणच करायचा.

तंजावूरच्या पश्चिम अंगाला, एका अरुंद गल्लीच्या टोकाशी रामाचा मठ होता. मठामागे दगडी पायऱ्यांचं चौकोनी तळं. दर वर्षी तै या तमिळ महिन्याच्या पुनवेला, म्हणजे जानेवारीच्या शेवटाकडे, दिवे लागायच्या वेळी मठातला पंचधातूचा राम तराफ्यावर बसायचा आणि तळ्याला तीन फेऱ्या घालायचा. त्या तराफ्याला सगळे तेप्पम म्हणत. ते बांधायचं आणि त्यावर उभं राहून लांब बांबूने काठापासून दूर ठेवायचं, हे काम चौतीस वर्षं शेषगिरीकडे होतं.

तसा तो पाण्याचाच माणूस. सरकारी कालव्यावर लस्कर होता. लोखंडी चाक फिरवून कालव्याची दारं वरखाली करायची, एवढंच काम. पण साहेबाने अर्धा इंच म्हटलं की अर्धाच इंच. पाऊण झालं तर खाली कुणाच्या तरी वाफ्यातली कोवळी रोपं माना टाकतात. पस्तीस वर्षं चाक फिरवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. शर्ट नेहमी एका बाजूला घसरलेला दिसायचा.

मठाची बाकीची माणसं कारकून, मास्तर, बँकवाले. तीनशे वर्षांमागे राजांबरोबर आलेली, आणि राजे गेल्यावरही राहिलेली. घरात मराठी, दारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. मठाच्या भिंतीवर नागरी अक्षरांत कोरलेला एक दगड होता. त्यावर काय लिहिलंय ते वाचणारं आता कुणी नव्हतं, पण त्याला हळदकुंकू रोज लागायचं. शनिवारी भजन, नवमीला पंगत, आणि कुणाच्याही घरी आमटी उकळली की गल्लीभर वास. या सगळ्यांत पायाला चिखल लागणारा शेषगिरी एकटाच. "आमच्या अठरा घरांत नोकरीवर अनवाणी जाणारा हाच," असं ड्रॉइंग मास्तर जयतीर्थ म्हणायचा. शेषगिरी ऐकून घ्यायचा. जयतीर्थाची सरळ रेघसुद्धा पट्टीशिवाय वाकडी यायची, हे त्याला ठाऊक होतं.

आता त्या दोराची गोष्ट.

तेप्पम ओढायचा दोर साठ हातांचा. त्यावर दर तीन हातांवर एक गाठ, अशा अठरा गाठी. मठाची घरं अठरा, म्हणून गाठी अठरा. प्रत्येक घरचा एक पुरुष आपापली गाठ धरून तळ्याच्या पायऱ्यांवरून चालायचा. पहिली गाठ कोणाची, दुसरी कोणाची, हे ठरलेलं. कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण एकदा तिसऱ्या आणि चौथ्या गाठीवरून दोन आजोबा कोर्टात गेले होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून नियम पक्का झाला: आपली गाठ सोडायची नाही, दुसऱ्याची धरायची नाही.

एखादं घर बुडालं, म्हणजे वंशच उरला नाही, तर मठातला वडीलधारा माणूस शेवटच्या पायरीवर बसून त्या घराची गाठ सोडायचा आणि तीळ घालून पाणी सोडायचा. मग पुढच्या वर्षी नव्या दोराला एक गाठ कमी. शेषगिरीने ते लहानपणी एकदा पाहिलं होतं. गाठ जुनी, पाण्याने घट्ट झालेली. म्हाताऱ्याच्या नखांना ती सुटेना. वरच्या पायरीवर त्या घरची विधवा बाई भिंतीला टेकून बसली होती. गाठ सुटेपर्यंत तिने पापणी हलवली नाही. एकोणीसच्या अठरा गाठी झाल्या त्या दिवशी. त्यानंतर कुणाची गाठ सोडायला कुणी धजावलं नाही.

मग ती वर्षं आली. बंगळूरला कंपन्या, चेन्नईला कंपन्या, सिंगापूर, अमेरिका. ज्याला गणित येतं तो गेला, ज्याला येत नाही तो गणित येणाऱ्याच्या ओळखीने गेला. गल्लीत कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ आला, आणि अठरांपैकी नऊ गाठी रिकाम्या झाल्या. कुणी म्हणालं नाही की घर बुडालं. घर कसलं बुडतं? पोरगा पुढच्या वर्षी येणारच आहे. म्हणून पंगतीत न आलेल्याचं पान मांडून ठेवावं तशी त्याची गाठ मोकळी ठेवायची. पुढचा पुढे, मागचा मागे, मधे दोर नुसताच लोंबत चालायचा.

आणि गेल्या वर्षी तेप्पम कललं.

दुसऱ्या फेरीला, ईशान्येच्या कोपऱ्यावर. झटका शेषगिरीच्या तळपायांना आधी कळला, डोळ्यांना नंतर. तराफ्याचं तोंड काठाकडे गेलं, दगडावर आदळलं, समई आडवी झाली आणि रेशमी पडद्याने पेट घेतला. बांबू टाकून त्याने एका हाताने रामाला कवटाळलं आणि दुसऱ्या हाताने पडदा फाडून पाण्यात टाकला. राम भिजला नाही. शेषगिरीच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत गुलाबी डाग राहिला.

लोक काठावरून धावत आले. आधी रामाला पाहिलं, मग पडद्याला, मग त्याला. कुणीतरी हळूच बोललं, "वय झालं. बांधणी ढिली पडली." वर्षभर ते वाक्य गल्लीत फिरत राहिलं. कुणी तोंडावर म्हणालं नाही, त्यामुळे उत्तरही देता आलं नाही.

बांधणी ढिली नव्हती. तराफ्याखाली बांधलेल्या अठरा रिकाम्या पिंपांपैकी एकही जागचं हललं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे एकट्याने पाण्यात उतरून प्रत्येकाखाली हात घालून पाहिलं होतं. खोट कुठे होती ते त्याला आदळायच्या आधीच कळलं होतं. दोर कोपऱ्यावर वळतो तेव्हा एकेका माणसाने वळायला हवं, म्हणजे ओढ तुटत नाही. इथे पुढचे चौघे कोपरा वळून गेले, मागचे पाच जण अजून अलीकडे, आणि मधे सातवी, आठवी, नववी, दहावी अशा सलग चार गाठी रिकाम्या. पंधरा हात दोराला धनी नाही. तो सैल होऊन पाण्यात पडला, पुढच्यांनी ओढला, ताठ झाला, झटका बसला. एवढंच.

एवढं सांगितलं असतं तर बोल मिटला असता. पण सातवी गाठ शेषगिरीच्याच घरची.

वडील होते तोवर गाठ वडिलांची आणि बांबू याचा. ऐंशीव्या वर्षीही वडील नावाला हात लावून चालायचे. ते गेले आणि पुढच्या वर्षी शांभवीचं लग्न झालं. एकुलती मुलगी. जावई साईराम अनाथ, मामाकडे वाढलेला. तो घरातच राहिला आणि त्याने सातवी गाठ धरली. चांगली धरायचा, मनगट वळवून. सत्त्याण्णव साली तो शांभवीला घेऊन अमेरिकेला गेला. जाताना सासऱ्याला म्हणाला, "मामा, दोन वर्षं. गाठ ठेवा."

शेषगिरीने गाठ ठेवली.

शांभवीची पत्रं महिन्याला एक यायची. मराठी, पण तमिळ अक्षरांत. नागरी अक्षरं तिला येत नव्हती आणि त्यालाही. दुपारी जेवून तो तळ्याच्या सावलीतल्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायचा आणि पत्र वाचायचा. एकदा वाचून झालं की डोळे मिटून पुन्हा.

त्यांचं गाव फ्लोरिडात, समुद्राच्या काठी. साईरामचं ऑफिस शहरात होतं, पण भाडं कमी म्हणून ते या गावात राहिले. गावात निम्मे लोक ग्रीक. शंभर वर्षांमागे त्यांच्या बेटांवरून आले, समुद्राच्या तळाचा स्पंज काढायला. स्पंज जिवंत असतो अप्पा, ती लिहायची, खाली उगवतो, पाणबुडे कापून आणतात. काम आता फारसं उरलं नाही, पण माणसं राहिली. बंदरावर कॉफीचं दुकान आहे, तिथे म्हातारे सकाळपासून सोंगट्या खेळतात आणि भांडतात. बायका देवळाच्या मुदपाकखान्यात मोठमोठ्या परातींत पीठ मळतात. पहिल्याच आठवड्यात एका काळ्या झग्यातल्या बाईने मला हाताला धरून थांबवलं आणि काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला: कोणाची गं तू?

हे वाचून शेषगिरी हसायचा. मग डोळे मिटले की तळ्याचं पाणी पसरत जायचं. पायऱ्या मागे सरायच्या, समोरची भिंत निळी व्हायची आणि नाहीशी व्हायची. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच, नागपट्टणमला पाहिला होता, तोही पावसात. त्यामुळे त्याच्या डोळ्यांपुढचा समुद्र निम्मा कालव्यासारखा होता, संथ, एका बाजूला वाहणारा. त्याच्या काठाने पांढरी घरं. दारांतून आमटीचा वास, कारण दुसरा कसला असेल ते त्याला ठाऊक नव्हतं. काळ्या झग्यांतल्या बायका अंगणात बसून मराठीत भांडायच्या. शांभवी पिशवी घेऊन त्यांच्यामधून चालत जायची आणि प्रत्येक दारात थांबायची.

त्या गावात स्तामाती नावाचा म्हातारा होता, शांभवीच्या शेजारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. तो पाणबुड्या नव्हे. नावेवर बसून हवेची नळी धरणारा. पाणबुड्या खाली, नळी वर, मधे हा. शांभवीने त्याला तेप्पमबद्दल सांगितलं तेव्हा तो खुर्ची पुढे ओढून बसला. पिंपं कशी बांधता? उलटत नाहीत? दोर कसला? तिला काय माहीत. तिने वडिलांना विचारलं. शेषगिरीने उत्तरात पिंपांचं चित्र काढून पाठवलं, प्रत्येक वेढा मोजून. स्तामातीने ते स्वयंपाकघरात चिकटवलं. मग तिकडून एक पार्सल आलं. आत मुठीएवढा पिवळसर, भोकाभोकांचा स्पंज. वजनच नाही. शेषगिरीने तो तळ्यात बुडवला. तो पाणी पिऊन फुगला, उशीसारखा मऊ झाला. दाबला की पाणी बाहेर, सोडला की पुन्हा तोच आकार. नागलक्ष्मी, त्याची बायको, म्हणाली, "भांडी घासायला बरा." त्याने तो देवघरातल्या कोनाड्यात ठेवला.

त्या गावातही जानेवारीत पाण्याचा सण असायचा. सहा तारखेला त्यांचा पुजारी लाकडी क्रूस पाण्यात फेकायचा आणि गावची तरुण पोरं थंडीत उड्या मारून तो शोधायची. शेषगिरी पायरीवर बसून पाहायचा: पोरं बुडी मारताहेत, पाण्याखाली हिरवा उजेड, कुणाचे हात, कुणाचे केस. वर नावेवर एक म्हातारा नळी धरून बसलाय. कधी त्याचा उजवा खांदा खाली आलेला असायचा.

डिसेंबरात मठाच्या कमिटीने त्याला बोलावलं. अध्यक्ष वरुणराव, बँकेतून रिटायर झालेले मॅनेजर, पहिल्या गाठीचे धनी. दोन मुलगे, एक बंगळूरला, एक सिंगापूरला.

"शेषगिरी, यंदापासून तेप्पम नको असं ठरतंय," वरुणराव म्हणाले. "मठाच्या अंगणात मोठं गंगाळ ठेवू. पाणी, फुलं, त्यात चांदीच्या वाटीत राम. भाव महत्त्वाचा."

"राम वाटीत?"

"छोटा राम."

"गंगाळात बांबू कुठे टेकवू?" शेषगिरीने विचारलं. कमिटीतले दोघे हसले. वरुणराव हसले नाहीत.

"तुला लागलं गेल्या वर्षी. आणखी काही झालं असतं तर?"

"या वर्षी एकदा बांधतो. पुनवेआधी रविवारी ओढून बघा. हललं तर गंगाळ आणा."

त्यांनी कबूल केलं. घरी येऊन त्याने पत्र लिहिलं. ख्यालीखुशाली, नागलक्ष्मीचे गुडघे, आणि शेवटी एक ओळ: त्या म्हाताऱ्याला विचार, नावेवर रोजचा माणूस आला नाही तर त्याची जागा मोकळी ठेवता की भरता?

मग तो कामाला लागला. डांबराची पिंपं खरवडून, तोंडं बंद करून पाण्यात दाबून कुठे बुडबुडा येतो ते पाहिलं. दोन बाद केली, दोन नवी आणली. लोक म्हणाले प्लास्टिकची निळी घ्या, हलकी असतात. हलकी असतात म्हणूनच नको. हलकं पिंप पाण्यात बसत नाही, पाण्यावर नाचतं. बांबू तिरुवैयारुच्या बाजूने नदीकाठचे आणले, पेरं मोजून. प्रत्येक पिंपाला आठ वेढे, चार आडवे, चार उभे, आणि प्रत्येक वेढा पायाने दाबून. उजव्या हाताचा डाग ताणला की चुरचुरायचा. तेवढा वेळ तो डाव्या हाताने ओढायचा. दोर दोनदा भिजवला, दोनदा वाळवला, आणि अठरा गाठी मारल्या. सातवी मारताना तो थांबला नाही. इतर गाठींसारखीच मारली.

पोंगल झाला. रविवार उजाडला. दर रविवारी सकाळी आठ वाजता सांबशिवाच्या बूथवर शांभवीचा फोन यायचा. सांबशिव मठाच्याच पाचव्या घरचा, पस्तिशीचा. गणित न आल्यामुळे राहिलेला, असं तो स्वतःच सांगायचा.

"अप्पा! सौख्यमा?"

"सौख्य. तू?"

"बरी आहे. अम्मा?"

"गुडघे. बोल."

"स्तामातीला विचारलं. तो हसलाच अप्पा. म्हणाला, हे विचारायला टपालाचा खर्च कशाला? नळी धरणारा उठला की शेजारचा धरतो. त्याच क्षणी. मी म्हणाले, पण ती जागा त्याची असते ना? तर रागावला. म्हणाला, खाली माणूस असतो. जागा कोणाची ते बंदरावर आल्यावर भांडा."

फोनमध्ये कुठेतरी वारा वाहत होता, किंवा समुद्र.

"अप्पा, आणखी एक." तिचा आवाज बारीक झाला. "आम्ही इथे घर घेतलंय. त्याच गल्लीत. तुम्हाला आधी सांगायचं होतं, पण..."

काचेबाहेर सांबशिव पाठ करून उभा होता.

"किती खोल्या?" शेषगिरीने विचारलं.

"तीन."

"विहीर?"

"नळ आहे अप्पा."

"हं. सांडपाणी कुठे जातं ते बघून घे. घर घेताना आधी ते बघायचं."

"बघते."

"बरं."

घरी नागलक्ष्मीने विचारलं, "काय म्हणाली?" तो म्हणाला, "सगळी बरी आहेत," आणि तळ्याकडे गेला. दुपारभर पायरीवर बसला, पण त्या दिवशी पाणी पसरलं नाही. ते चौकोनी तळंच राहिलं. एक कासव वर आलं, त्याच्याकडे पाहून खाली गेलं.

चार वाजता माणसं जमली. रामाच्या जागी रामाच्या वजनाचा दगडी रगडा ठेवला होता. घरोघरी विजेचे ग्राइंडर आल्यावर मठामागे टाकून दिलेला. नऊ पुरुष आपापल्या गाठींवर उभे राहिले. वरच्या पायरीवर बायका, त्यांत नागलक्ष्मी, मांडीवर फुलांची टोपली आणि हातात वाती. शेषगिरी बांबू घेऊन तेप्पमवर चढला.

"ओढा!"

पहिली बाजू सरळ गेली. दुसरी गेली. ईशान्येच्या कोपऱ्यावर पुढचे चौघे वळले, मधला दोर पाण्यात पडला, ताठ झाला, आणि झटका. तराफ्याचं तोंड काठावर धाडकन आदळलं. रगडा एका कुशीवर कलला.

मग वरुणराव म्हणाले, "गंगाळ घासायला सांगतो."

"आधी बांधणी बघा," शेषगिरी म्हणाला.

सांबशिव धोतर खोचून पाण्यात उतरला. एकेका पिंपाला हिसडे दिले. "मामा, एकही हलत नाही. खडक आहे."

"मग काय भूत हलवतं?" मागून जयतीर्थ ओरडला. चौदावी गाठ त्याची.

"भूत नाही. सातवी, आठवी, नववी, दहावी."

सगळ्यांनी दोराकडे पाहिलं. चार गाठी ओल्या पायरीवर पडल्या होत्या.

"सातवी कोणाची?" वरुणरावांनी विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"माझ्या घरची. मधे पंधरा हात दोराला धनी नाही. कोपऱ्यावर तो पडतो, आणि पडलेला दोर झटका देतो. गेल्या वर्षीही तेच झालं."

"गेल्या वर्षीही?" जयतीर्थाने गाठ सोडली नाही, पण मान पुढे काढली. "मग वर्षभर तोंडात विडा होता काय तुझ्या?"

"होता."

"आता म्हणजे काय, गाठी सोडायच्या?" वरुणरावांचा आवाज चढला. "त्या मुलांना काय कळवू? तुमचं घर बुडालं म्हणून?"

"एकही सोडायची नाही. सगळ्यांनी पुढे सरकायचं. पहिल्या नऊ गाठी नऊ जणांनी धरा. मागचा दोर मी तेप्पमवर ओढून घेतो."

"म्हणजे दुसऱ्याची गाठ धरायची!"

"हो."

"हे कधी झालेलं नाही."

"वरुणराव, तुमचं बरं आहे," जयतीर्थ म्हणाला. "पहिल्या गाठीला सरकावं लागत नाही." बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. पण हललं कुणीच नाही. नऊ पुरुष आपापल्या गाठींवर, जसे त्यांचे बाप उभे राहायचे तसे.

शेषगिरीने बांबू आडवा ठेवला. "जयतीर्था, मोजलं तर सातवी तुझ्या वाट्याला येते. धर."

"साईरामाची? उद्या तो आला म्हणजे?"

"त्यांनी घर घेतलंय तिकडे," शेषगिरी म्हणाला. "तीन खोल्या. नळ आहे."

वरच्या पायरीवर वात वळणारे हात थांबले. नागलक्ष्मीला हे तिथेच कळलं, सगळ्यांबरोबर. शेषगिरीने वर पाहिलं नाही. पाण्यावर रगड्याची सावली हलत होती, तिच्याकडे पाहत राहिला.

मग नागलक्ष्मीचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

"धर की रे जयतीर्था! हात काय पाण्यात पडलेत? माणूस वर उभा आहे ना माझा?"

जयतीर्थाने चौदावी सोडली. पायऱ्यांवरून पुढे आला, सातवी गाठ उचलली, धोतराला पुसली आणि धरली. त्याच्या पुढचे पुढे सरकले, मागचे मागून आले. मोकळी जागा बुजत बुजत गेली. शेषगिरीने मागचा दोर हात हात ओढून घेतला आणि पायाशी वेटोळं घातलं. नऊ गाठी.

"ओढा!"

ईशान्येच्या कोपऱ्यावर एकेक माणूस वळला. दोर वाकला, पण पाण्याला लागला नाही. शेषगिरीच्या तळपायांना काहीच कळलं नाही. तो बांबू टेकवायला विसरला आणि सांबशिव ओरडला, "मामा, बांबू!"

शुक्रवारी पुनव. दिवे लागायच्या वेळी राम तेप्पमवर बसला, नव्या पडद्यात. समईच्या बुडाशी शेषगिरीने स्पंज भिजवून दाबून बसवला होता. समई बैठकीत रुतली आणि ठिणगी पडली असती तरी विझली असती. नऊ पुरुष नऊ गाठी धरून निघाले. वरुणराव सगळ्यांत पुढे. कोपरा आला की मागे वळून पाहायचे, आणि कुणाला कळू नये म्हणून पंचा सारखा करायचे.

पहिली फेरी. दुसरी. समोरून पूर्वेच्या भिंतीवर चंद्र आला आणि पाण्यात लांब पडला. शेषगिरीने बांबू टेकवला, सोडला, टेकवला. पायाशी दोराचं वेटोळं होतं, रामाच्या बैठकीला टेकून. तेप्पम हललं की त्यातल्या गाठी एकमेकींवर सरकायच्या. तिसऱ्या फेरीला पाणी पुन्हा पसरलं. पायऱ्या मागे सरल्या. दिवे त्या दुसऱ्या काठावरचे झाले, पांढऱ्या घरांचे. कुणी नावेवर बसलेलं होतं आणि त्याच्या हातातली नळी खाली, हिरव्या उजेडात गेली होती. खालून कुणी ती दोनदा ओढली. ठीक आहे, असं. वरच्या माणसाने एकदा ओढून उत्तर दिलं.

"मामा, काठ!"

त्याने बांबू लावला. तेप्पम पायरीला अलगद टेकलं. रामाला उचलून नेलं, आरती झाली, प्रसादाची पानं वाटली. जयतीर्थ प्रसाद खाता खाता आपल्या तळहाताकडे पाहत होता. "काथ्या बोचतो रे," म्हणाला. "चौदावीला एवढा बोचायचा नाही."

"ओढायचास कुठे तिथे?" शेषगिरी म्हणाला.

माणसं गेल्यावर त्याने दोर पाण्यातून काढला, पिळला आणि दोन झाडांमध्ये ताणून टाकला. ओला दोर वेटोळ्यात ठेवला की कुजतो. नागलक्ष्मी पायरीवर गुडघे चोळत त्याच्यासाठी थांबली होती. त्याने दुसरं टोक झाडाला बांधलं, ताण पाहिला, आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"किती खोल्या म्हणाली?"

"तीन."

"अंगण?"

"विचारलं नाही."

"सगळं विचारलंत, अंगण तेवढं नाही विचारलंत."

"नळाचं विचारलं."

"नळावर पापड वाळतात काय?" तिने टोपली उचलली आणि त्याच्या खाली आलेल्या खांद्यावर हात टेकून उठली. "या रविवारी मी येते बूथवर. मी विचारते."